उजवीकडे स्वाइप ते दादर स्टेशन: मुंबईत डेटिंग अ‍ॅप आता कसं वापरायचं

ठाण्यात राहणाऱ्या मुलीला बोरिवलीचा मुलगा अ‍ॅपवर 'चौदा किलोमीटर' दिसतो. हे अंतर कावळ्याचं, मधलं नॅशनल पार्क वरून ओलांडून जाणाऱ्याचं. लोकलने जायचं तर ठाणे, दादर, बोरिवली असे जवळपास ५० किलोमीटर पडतात, आणि संध्याकाळी सात वाजता दादरचा पूल ओलांडायचा तो वेगळाच. घोडबंदर रोडबद्दल न बोललेलंच बरं.

अ‍ॅपला मुंबई कळत नाही. ते फक्त ओळख करून देतं, पूर्वी एखादी मावशी करून द्यायची तशी. पुढचं सगळं ट्रेन, वेळ, घरचे, खिसा आणि थोडी अक्कल यांवर चालतं. गेल्या चार-पाच वर्षांत बदललंय ते हेच: लोक अ‍ॅपवर कमी वेळ काढतात, हेतू आधी विचारतात, व्हिडिओ कॉल करतात आणि छोट्याशा भेटीत काय ते बघतात. महिनाभर चॅट करून मग भेटायची पद्धत जवळजवळ संपली, आणि संपली ते बरंच झालं.

कोणतं अ‍ॅप

एका वेळी दोनच अ‍ॅप ठेवा. तीन अ‍ॅपवर मिळून वीस जणांशी 'जेवलीस का' चालू असलं की कुणाची बहीण पुण्यात आणि कुणाची बदलापूरला, याचा घोळ होतोच.

टिंडर २०१२ साली अमेरिकेत आलं. फोटो बघून डावी-उजवी करायची सवय त्याचीच. तिथे गर्दी भरपूर, पण हेतूंची मिसळ. बम्बल भारतात आलं २०१८ च्या डिसेंबरात. मुलगा-मुलगी मॅच झाली तर पहिलं पाऊल मुलीचं, तेही २४ तासांत, नाहीतर मॅच गेली. २०२४ पासून मुलीला आधीच एखादा प्रश्न लावून ठेवता येतो आणि मुलगा त्याचं उत्तर देऊन बोलणं सुरू करतो. हिंजमध्ये स्वाइप नाहीच. सहा फोटो, तीन प्रश्नांची उत्तरं, आणि लाइक करायचं ते एखाद्या ठरावीक फोटोला किंवा उत्तराला. फुकटातले लाइक दिवसाला मोजकेच मिळतात, म्हणून लोक जरा वाचून लाइक करतात. २०२४ मध्ये हिंजने आणखी एक गोष्ट केली: उत्तर न दिलेली आठ संभाषणं साचली की आधी त्यांना उत्तर द्या किंवा ती बंद करा, मग नवी मॅच. अर्धवट सोडायच्या सवयीवर हा चांगला लगाम आहे. दुसऱ्या अ‍ॅपवर असाल तर हा आकडा स्वतःच पाळा.

लग्नाचा विचार पक्का असेल तर हिंज किंवा आइल बरं. वधू-वर सूचक मंडळं आणि मॅट्रिमोनी साइट हे वेगळं खातं. ते बहुतेक घरात आईच्या फोनवर चालतं. मुलगा हिंजवर आणि त्याची पत्रिका मॅट्रिमोनीवर, हे आता अगदी सर्रास आहे. त्यात फसवणूक असतेच असं नाही, पण दुसऱ्या-तिसऱ्या भेटीपर्यंत सरळ विचारा: 'घरी स्थळं बघणं चालू आहे का?' चार महिन्यांनी कुणाच्या तरी स्टेटसवर साखरपुड्याचा फोटो बघण्यापेक्षा हा प्रश्न केव्हाही सोपा.

प्रोफाइल

फोटो आधी. सहा पुरेत, चार चालतील, त्यापेक्षा कमी टाकले की प्रोफाइल खोटी वाटते. पहिला फोटो: एकटे, चेहरा स्पष्ट, गॉगल नाही, खिडकीच्या उजेडात किंवा उन्हं कलल्यावर काढलेला. दुसरा पूर्ण उभा. तिसरा काहीतरी करताना: ढोल वाजवताना, क्रिकेट खेळताना, पुरणपोळी लाटताना. एक फोटो गणपतीतला कुर्त्यातला किंवा साडीतला असतोच आणि तो चालतोही. ग्रुप फोटो एकच, तोही शेवटी. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर हात पसरून पाठमोरा उभा असलेला फोटो मात्र काढून टाका. तो निम्म्या ट्रेकर मुलांच्या प्रोफाइलवर आहे आणि त्यातून फक्त सॅक कुठल्या कंपनीची ते कळतं.

एआयने गुळगुळीत केलेले फोटो टाकू नका. भेटीच्या पहिल्या मिनिटाला समोरच्याच्या चेहऱ्यावर जो अर्धा सेकंद थबकल्याचा भाव येतो, तिथेच भेट संपलेली असते.

फोटो अपलोड करण्याआधी त्यातलं मागचं बघा. सोसायटीचं नाव असलेलं गेट, ऑफिसच्या आयकार्डाची दोरी, गाडीचा नंबर, घराच्या गॅलरीतून दिसणारं ओळखीचं टॉवर, यांतलं काहीही नको. इन्स्टाग्राम किंवा लिंक्डइनवर टाकलेला फोटो इथे पुन्हा वापरू नका. गूगल लेन्समध्ये तो टाकला की तुमचं आडनाव आणि कंपनी कुणालाही दोन मिनिटांत सापडू शकते.

आता मजकूर. 'फूडी, ट्रॅव्हल लव्हर, डॉग पर्सन' यावर कुणी काय बोलणार? हिंजवर एका उत्तराला १५० अक्षरं मिळतात. त्यात एक जागा, एक सवय आणि समोरच्याला पकडायला एक टोक द्या. उदाहरणार्थ: 'रविवारी सकाळी कान्हेरीपर्यंत चालत जातो, परतताना मिसळ. दुसरा पाव मागणारं माणूस हवं.' हे वाचून निदान 'तर्री किती?' एवढं तरी विचारता येतं. दुसरं: 'नाटकाच्या मध्यंतरात वडा आधी की चहा आधी, यावर माझं ठाम मत आहे.' उत्तर मुद्दामच दिलेलं नाही. ते विचारायलाच मेसेज येतात.

मराठी बोलणारं माणूस हवं असेल तर भाषांच्या रकान्यात मराठी टाकाच, शिवाय एक उत्तर मराठीतच लिहा. रोमन लिपीत लिहिलेलं मराठी चालतं, पण देवनागरीतली एक ओळ गर्दीत उठून दिसते.

'काय शोधताय' हा रकाना रिकामा सोडू नका. 'अजून ठरवलेलं नाही' हे उत्तर आता लोक 'टाइमपास' असं वाचतात. खरंच ठरलं नसेल तर मजकुरात एक वाक्य घाला: लग्नाची घाई नाही, पण एका वेळी एकाच माणसाला भेटतो. उंची, वय, नोकरी, घटस्फोट यांबद्दल खोटं लिहू नका. हे नीतीचं बाजूला ठेवलं तरी भेटीत पकडलं जातं म्हणून.

मावसभाऊ, ऑफिसातले, शेजारचे यांना दिसायचं नसेल तर टिंडर आणि हिंज दोन्हींत कॉन्टॅक्ट ब्लॉक करायची सोय सेटिंगमध्ये आहे. ती नंबर आणि ईमेल जुळवून चालते, तेव्हा दुसऱ्या नंबरने खातं काढलेला मावसभाऊ तरीही टपकू शकतो. पण मग तोही तिथेच असतो, त्यामुळे घरी सांगायची शक्यता कमी.

अंतर नाही, लाइन बघा

अंतर किलोमीटरमध्ये न मोजता लाइनमध्ये मोजा. एकाच लाइनवरचे विरार आणि वांद्रे एकमेकांना झेपतात. मुलुंड आणि गोरेगाव कागदावर जवळ असले तरी झेपत नाहीत. वेस्टर्न आणि सेंट्रल यांना दादर मध्य पडतं. हार्बरवाल्यांना कुर्ला किंवा वडाळा. घाटकोपर ते अंधेरी मेट्रो १ असल्यामुळे तो एक आडवा रस्ता खरोखर चालतो. आरे ते कफ परेड भुयारी मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाल्यापासून अंधेरी पूर्व, बीकेसी, दादर, वरळी आणि काळाघोडा एका धाग्यात आले आहेत. जुने हिशोब पुन्हा करून बघा.

अ‍ॅपमध्ये अंतराची मर्यादा घालताना आधी स्वतःला विचारा: कामाच्या दिवशी संध्याकाळी कुठवर जाऊन साडेदहापर्यंत घरी परतता येईल? जे स्टेशन उत्तर म्हणून येईल तिथवरच. आणि लोणावळ्याला सहलीला गेलात तर अ‍ॅप तिथली माणसं दाखवेल, तुम्हालाही तिथे दाखवेल. तेव्हा लोकेशनची परवानगी 'अ‍ॅप वापरतानाच' अशी ठेवा.

बोलणं

पहिला मेसेज 'हाय' नको, 'ब्युटिफुल' तर नकोच. तिच्या किंवा त्याच्या प्रोफाइलमधल्या एकाच गोष्टीवर एक प्रश्न, दोन ओळींत. मुलांना इथे निराशा जास्त येते, कारण भारतात या अ‍ॅपवर मुलग्यांची संख्या मुलींपेक्षा बरीच जास्त आहे. सगळ्यांना उजवीकडे ढकलत सुटणं हा त्यावरचा उपाय नाही. रोज पाच प्रोफाइल वाचून पाच नेमके मेसेज, एवढंच करा.

आता बरेच जण मेसेजही एआयकडून लिहून घेतात. वळणदार इंग्रजी, प्रत्येक उत्तराच्या शेवटी एक नीटनेटका प्रश्न, आणि तुम्ही सांगितलेल्या गोष्टीची तिसऱ्या दिवशी आठवण नाही, असे ते ओळखू येतात. उपाय सोपा: एक व्हॉइस नोट पाठवा आणि एक मागा. वीस सेकंदांच्या आवाजात माणूस मराठी शाळेतला की कॉन्व्हेंटचा, वैतागलेला की हसरा, बरंच कळतं.

क्रम असा ठेवा. तीन-चार दिवस मेसेज. मग अ‍ॅपच्या आतूनच दहा मिनिटांचा व्हिडिओ कॉल, नंबर न देता. बम्बलमध्ये ही सोय आहे, दुसऱ्या अ‍ॅपवर असाल तर ती आहे का ते आधी बघा. आठवड्याच्या आत भेट ठरवा. दहा दिवस ओलांडले की समोरच्याची एक मूर्ती मनात तयार होते आणि खरा माणूस तिच्यापुढे कायम हरतो.

नंबर द्यायची वेळ आली की आधी तीन सेटिंग बघा. व्हॉट्सअ‍ॅपचा फोटो, स्टेटस आणि 'लास्ट सीन' फक्त कॉन्टॅक्टपुरतं. अनोळखी कॉल म्यूट. आणि यूपीआय आयडी मोबाइल नंबरवर असेल तर बदलून घ्या, कारण कुणीही यूपीआयमध्ये तुमचा नंबर टाकला की बँकेतलं पूर्ण नाव समोर येतं. हीच गोष्ट तुमच्याही कामाची आहे. समोरच्याने नंबर दिला की तो यूपीआयमध्ये टाकून फक्त नाव बघा, पैसे पाठवू नका. अ‍ॅपवर 'रोहन' आणि बँकेत भलतंच नाव आलं तर विचारा. वडिलांच्या नावाचं सिम हे खरं कारण असू शकतं; गडबडून विषय बदलणं हे कारण नव्हे.

फसवणूक कुठे होते

निळी टिक दिसली म्हणून निर्धास्त होऊ नका. टिक एवढंच सांगते की फोटोतला चेहरा आणि सेल्फीतला चेहरा एक आहे. नाव, नोकरी, लग्न झालंय की नाही, याचा तिच्याशी संबंध नाही. टिंडरने भारतात व्हिडिओ सेल्फीची 'फेस चेक' आणली आहे, तिचंही तेच. लग्न झालेला माणूस बहुधा वेळापत्रकावरून ओळखू येतो: सोमवार ते शुक्रवार दहा ते सहा भरपूर गप्पा, शनिवार-रविवार शुकशुकाट, आणि व्हिडिओ कॉल नेहमी उभ्या गाडीतून.

पैशांची फसवणूक तीन ठरावीक वाटांनी येते.

पहिली गुंतवणुकीची. प्रोफाइल देखणी, बोलणं अदबीचं, दुसऱ्याच दिवशी 'टेलिग्रामवर ये'. दोन आठवडे एक रुपयाचा विषय नाही, मग सहज 'माझे काका ट्रेडिंग शिकवतात'. अ‍ॅपमध्ये पाच हजार टाकता, सहा हजार काढूही देतात. तो हजार म्हणजे चारा. मग मोठी रक्कम अडकते आणि काढायला 'टॅक्स' मागतात. परदेशी डॉक्टर आणि विमानतळावर कस्टममध्ये अडकलेलं पार्सल हा याच नाटकाचा जुना प्रयोग.

दुसरी व्हिडिओ कॉलची. रात्री अनोळखी कॉल, समोर कपडे उतरवणारी बाई (बहुतेक वेळा आधी रेकॉर्ड केलेली), तुमचा चेहरा स्क्रीनवर, आणि पाच मिनिटांत तुमच्या फेसबुक मित्रांची यादी आणि पैशांची मागणी. एकदा पैसे दिले की मागणी थांबत नाही, वाढते. पैसे देऊ नका, चॅट पुसू नका, स्क्रीनशॉट घ्या, १९३० ला फोन करा किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसे गेले असतील तर १९३० ला पहिल्या तासाभरात कळवणं महत्त्वाचं, कारण पुढच्या खात्यात सरकण्याआधी रक्कम गोठवता येऊ शकते. फोटो पसरायची भीती असेल तर 'स्टॉप एनसीआयआय' ही मोफत सेवा आहे. फोटो तुमच्याच फोनवर राहतो, त्याचा फक्त डिजिटल ठसा मोठ्या सोशल मीडिया कंपन्यांकडे जातो, म्हणजे तो फोटो त्यांना अडवता येतो.

तिसरी बिलाची, आणि मुंबईत मुलग्यांनी ही नीट वाचावी. मॅच होते, त्याच दिवशी भेटायची घाई असते आणि जागा तीच सुचवते, कुठलासा क्लब. तुम्ही पोचेपर्यंत ऑर्डर सुरू. मेन्यूकार्ड येतच नाही किंवा त्यात त्या दारूचं नावच नसतं. तासाभरात तिला घरून फोन येतो, ती निघते, आणि बिल येतं वीस-चाळीस हजारांचं. दाराशी दोन आडदांड पोरं. यावर एकच खरा उपाय आहे: पहिली जागा तुम्ही ठरवा. तिने दुसरं नाव रेटलं तर त्या जागेचे गूगलवरचे एक-तारा अभिप्राय वाचा, वरचे पाच तारे नव्हे. आत अडकलातच तर ११२ लावा. नाइलाजाने पैसे द्यावे लागले तर रोख देऊ नका. कार्ड किंवा यूपीआयने द्या आणि छापील बिल घ्या. पैसे कुठल्या नावावर गेले हे पोलिसांना तिथूनच कळतं.

समलिंगी पुरुषांसाठी वेगळी सूचना. ६ सप्टेंबर २०१८ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर संमतीने ठेवलेले संबंध गुन्हा नाहीत, पण 'घरी सांगू' अशी धमकी देऊन लुटणाऱ्या टोळ्या अजून याच भीतीवर जगतात. अ‍ॅपवर अंतर दाखवणं बंद ठेवा, पहिली भेट घरी नको, आणि धमकी आली तर ती खंडणी आहे, तशीच तक्रार करा.

पहिली भेट

एक तास, दिवसाउजेडी, स्टेशनपासून चालत जाता येईल अशी जागा. संपायची वेळ निमंत्रणातच सांगा: 'शनिवारी ११ ला जहांगीरमध्ये चित्रं बघायची का? साडेबाराला मला निघायचंय.' यात होकार देणं सोपं आणि नकारही. तास छान गेला तर पुढे किताबखाना या पुस्तकांच्या दुकानापर्यंत चालत जायला कुणी अडवत नाही.

जहांगीर आर्ट गॅलरी फुकट आहे, एसी आहे, आणि बोलणं अडलं तर बोलायला भिंतीवर चित्र आहे. म्हणून पहिल्या भेटीला ती उत्तम. राणीच्या बागेत चालायला छान, मात्र बुधवारी बंद. माटुंग्याच्या उडुपी हॉटेलांत इडली अप्रतिम, पण रविवारी सकाळी बाहेर रांग, आत तिसऱ्या माणसाशेजारी टेबल आणि कॉफी संपताच वेटरची नजर. तिथे तिसऱ्या भेटीला जा. शिवाजी पार्कचा कट्टा मोकळा आहे, तुमचं कुणी दादरचं नसेल तर. मरीन ड्राइव्ह पावसाळ्यात भरतीचं वेळापत्रक बघून. साडेचार मीटरच्या वरची भरती असेल त्या दिवशी दुसरी जागा शोधा. सिनेमा पहिल्या भेटीला नकोच, तीन तास अंधारात गप्प बसून काय कळणार? नाटक दुसऱ्या भेटीला मात्र फार चांगलं: मध्यंतराची पंधरा मिनिटं बोलायला मिळतात आणि नाटक पडलं तर विषयही. पृथ्वी थिएटरला गेलात तर वेळेआधी पोचा, प्रयोग सुरू झाल्यावर आत सोडत नाहीत.

मुलींनी, आणि खरं तर सगळ्यांनीच, एका मैत्रिणीला किंवा मित्राला प्रोफाइलचा स्क्रीनशॉट, नंबर आणि जागा पाठवून ठेवावी, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लाइव्ह लोकेशन आठ तासांसाठी चालू करावं. ठरलेल्या वेळी तिने फोन करायचा. येताना-जाताना आपलं आपण; पहिल्याच दिवशी कुणाच्या गाडीतून घरापर्यंत नको, सोसायटी कळते. ग्लास टेबलावर सोडून उठलात तर परतल्यावर नवा मागवा. उशीर झाला तर शेवटची गाडी कुठली हे आधी बघून ठेवा. कर्जत-कसाऱ्याची शेवटची लोकल बोरिवलीच्या शेवटच्या लोकलपेक्षा आधी सुटते आणि डोंबिवली-कल्याणपुढच्यांचं गणित तिथेच चुकतं. मुंबई पोलिसांचा महिलांसाठीचा नंबर १०३.

बिल: ज्याने बोलावलं त्याने द्यायचं किंवा अर्धं-अर्धं. आता अर्धं-अर्धंच जास्त चालतं. 'पुढच्या वेळी तू दे' हे वाक्य पुढची वेळ हवी असेल तरच वापरा.

भेटीनंतर

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मेसेज करा, होकाराचा किंवा नकाराचा. नकारासाठी दोन ओळी पुरतात: 'काल भेटून बरं वाटलं, पण मला पुढे जावंसं वाटत नाही. शुभेच्छा.' गायब होणं ही आता इतकी रुळलेली सवय आहे की एवढा साधा मेसेज आला तरी माणूस स्क्रीनशॉट काढून मैत्रिणीला पाठवतो.

तिसऱ्या-चौथ्या भेटीपर्यंत पुढच्या गोष्टी उघडपणे विचारून घ्या: लग्न करायचंय का आणि साधारण केव्हा, आईवडिलांबरोबर राहायचं का, जातीचा विषय घरी निघणार का, बंगळुरूला बदली झाली तर काय. शेवटचा प्रश्न गमतीचा वाटतो, पण आयटीत काम करणाऱ्यांची निम्मी नाती तिथेच येऊन अडकतात. लग्नाचं आश्वासन हलक्यात देऊ नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६९ नुसार, पाळायचा इरादाच नसताना लग्नाचं वचन देऊन शरीरसंबंध ठेवणं हा दहा वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे.

अ‍ॅप बंद करताना

कुणाबरोबर जमतंय असं वाटलं की हिंजवर 'पॉज' किंवा बम्बलवर 'स्नूझ' करा. मॅच जात नाहीत, प्रोफाइल नव्या लोकांना दिसत नाही. दोघांनी कायमचं बंद करायचं ठरवलं तर क्रम उलटा करू नका. फोनवरून अ‍ॅप काढून टाकलं तरी खातं चालू राहतं आणि तुमचा चेहरा लोकांना दिसत राहतो. पैसे भरलेला प्लॅनही महिन्याच्या महिन्याला खात्यातून कापला जातो. आधी प्ले स्टोअर किंवा अ‍ॅपल आयडीच्या सबस्क्रिप्शनमध्ये जाऊन प्लॅन रद्द करा. यूपीआयच्या ऑटोपेमध्ये तो मँडेट, म्हणजे आपोआप पैसे कापायची परवानगी, अजून दिसतोय का ते बघा. मग अ‍ॅपच्या सेटिंगमधून खातं डिलीट करा, आणि सर्वात शेवटी अ‍ॅप काढा.